गरम पाणी आणि अर्धी वाटी ब्लीच

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
सोमवार, ९ सप्टेंबर २०१९

व्हर्लिन,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहिलंयस. बायकोच्या थोरल्या बहिणीला चार वर्षांनी पत्र लिहायचं, तर घरात एक कोरा कागद निघाला नाही. काटकसर मीही करते, पण पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढत नाही.

फोन का केला नाहीस ते विचारत नाही. केला असतास तर मी ठेवून दिला असता. हे तुला ठाऊक होतं, म्हणजे तेवढी अक्कल शाबूत आहे.

तू लिहितोस की जुलैत रिने आली तेव्हा तुझा रविवारच्या उपासनेला देवळात घालायचा शर्ट राखाडी पडला होता, बनियनं गुलाबी झाली होती आणि पँटवर आदल्या आठवड्याचा रस्सा वाळलेला होता. तुझी मुलगी शाळेत शिकवते, पोरांच्या बाह्या बघून त्यांच्या घरची कळा ओळखते. तिने सरळ अर्थ काढला, बापाला आता एकट्याने झेपत नाही. सतरा ऑक्टोबरला शिक्षकांची सुट्टी लागली की ती येणार आणि सेंट क्लाउडच्या वृद्धाश्रमाचे कागद सहीसाठी आणणार. "कपडे नीट दिसले तर ती पुढचं बघणार नाही," असं तू लिहिलंयस. पोटच्या पोरीच्या डोळ्यात धूळ फेकायची, तीही साबणाची.

मी उत्तर देते आहे ते तुझ्यासाठी नव्हे. त्या घरात माझा जन्म झाला. आईवडिलांमागे ते माझ्या धाकट्या बहिणीकडे, लव्हॉनकडे गेलं आणि लव्हॉनमागे तिचा नवरा म्हणून तुझ्याकडे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तू आश्रमात गेलास की रिने ते विकणार, आणि तुझी जमीन कसणारा शेजारी पहिल्याच वसंतात घर पाडून तिथे मका पेरणार. आईच्या स्वयंपाकघरात मका उगवलेला मला बघायचा नाही. मका की तू, ह्यात मी नाइलाजाने तुला निवडते.

तर ऐक. धुणं सोमवारी. आधी ढीग करायचे. पांढरं एकीकडे, फिकं एकीकडे, गडद एकीकडे, आणि शेताचे कपडे ह्या सगळ्यांपासून लांब. गायी विकून सहा वर्षं झाली, तरी तुझ्या अंगावरचा गोठा गेलेला नसणार. बनियनं गुलाबी झाली ती लाल शर्टाबरोबर उकळलीस म्हणून. ह्यात तुझ्या वयाचा दोष नाही. तू तिशीत असतास तरी हेच केलं असतंस.

यंत्राच्या उजव्या बाजूला मोठी चकती आहे. तीवर तीन वाटण्या आहेत. 'नॉर्मल' म्हणजे टॉवेल, चादरी, बनियनं. 'परमनंट प्रेस' म्हणजे शर्ट आणि पँट. त्यात शेवटचं पाणी गार येतं आणि पिळणं सावकाश होतं, म्हणून चुण्या कमी पडतात. 'डेलिकेट' म्हणजे लोकर आणि जे काही तुला धड हाताळता येणार नाही ते सगळं. दुसरा छोटा खटका पाण्याचा. गडद रंगाला गार, फिक्याला कोमट. पँट उलटी करून, चेन लावून टाकायची. खिसे तपासायचे. साबण झाकणातल्या पहिल्या रेघेपर्यंत. जास्त घातला की स्वच्छ जास्त होतं हे पुरुषांचं गणित आहे. तो कपड्यातच राहतो आणि त्यावर मळ बसतो. तुझं राखाडीपण तिथलं.

ट्रॅक्टरचं इंजिन खोलून परत बसवणारा माणूस एका चकतीपुढे हात टेकतो. देवाने तुला हात दिले ते फक्त इंजिनासाठी नाहीत.

आर्डिस

*

सोमवार, १६ सप्टेंबर

व्हर्लिन,

ह्या वेळी पूर्ण कागद वापरलास. प्रगती आहे.

ढीग केलेस म्हणतोस आणि तरी शर्ट सुरकुतलेले. पुढच्याच ओळीत कारणही लिहिलंयस आणि ते कारण आहे हे तुला कळलेलं नाही. आठवड्याचे सगळे कपडे एकदम कोंबलेस, झाकण बसेना म्हणून वरून गुडघा दिलास. व्हर्लिन, ते यंत्र आहे, चाऱ्याची कोठी नव्हे. कपड्यांना आत फिरायला जागा लागते. पाण्यात फिरले नाहीत तर ते एकमेकांचा मळ एकमेकांना देत बसतात, आपल्या देवळाच्या तळघरात कॉफीला जमलेल्या मंडळींसारखे. पिंप पाऊण भरलं की थांबायचं.

आणि ड्रायर. "सगळ्यात गरमवर ऐंशी मिनिटं लावला, म्हणजे परत बघायला नको." ही ओळ मी दोनदा वाचली. तू शर्ट भाजलेस. सुती कपडा हाडापर्यंत वाळवला की तो आखडतो, रंग उडतो, आणि ड्रायरच्या जाळीत जी पिसं सापडतात ती तुझ्या शर्टाचीच असतात. त्या शर्टाचा जीव रोज थोडा थोडा जाळीत जातो. जाळी दर वेळी साफ करायची. तू केली नसणार. आज कर, घर पेटायच्या आधी.

ड्रायरवर मिनिटांचा आकडा बघू नकोस. दुसरी बाजू आहे, 'ऑटो'. ओल संपली की ते आपण होऊन थांबतं. त्यात 'कमी वाळलेले' कडे काटा ठेव. शर्टांना मध्यम उष्णता, टॉवेलांना जास्त, लोकरीला ड्रायर दाखवायचासुद्धा नाही. आणि घंटा वाजली की उठायचं. उठून शर्ट लगेच बाहेर काढायचे, किंचित दमट असताना, झटकून हँगरला लावायचे, वरचं बटण घालायचं, कॉलर हाताने ओढून सरळ करायची. पाच मिनिटं उशीर केलास की चुण्या बसल्या. तू लिहितोस की घंटा वाजते तेव्हा तू रेडिओवर धान्याचे भाव ऐकत असतोस. धान्य तू पिकवत नाहीस, व्हर्लिन. सहा वर्षं झाली.

हे सगळं लव्हॉन तुझ्या नाकासमोर छप्पन्न वर्षं करत होती. तू कधी मान वळवून पाहिलं नाहीस.

लव्हॉनचं नाव आलंच आहे तर लिहिते. तिला पुरलं त्या आठवड्यात मी तुला म्हटलं होतं, तिचे कपडे मी येऊन आवरीन. बहिणीचं काम आहे ते. मी शनिवारी येणार होते. तू गुरुवारीच सगळे काळ्या पिशव्यांत भरून जुन्या कपड्यांच्या दुकानात दिलेस. दोन महिन्यांनी वाणसामानाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभी होती, लव्हॉनच्या निळ्या कोटात. बाह्या तिला आखूड होत्या. मी रांग सोडून घरी आले, दुधाशिवाय.

उत्तर देऊ नकोस त्यावर. मला उत्तर नको आहे. जाळी साफ कर.

आर्डिस

*

सोमवार, २३ सप्टेंबर

व्हर्लिन,

गडद रंग जमले म्हणतोस. निळी पँट "दुकानातल्यासारखी" दिसते. मी ते बघितल्याशिवाय मानणार नाही, पण वहीत लिहून ठेवलंय. कुठलं कापड, कुठली वाटणी, काय झालं, अशी वही मी लग्नापासून ठेवते. आता तुझी दोन पानं तीत आली. माझ्या नवऱ्याची नव्हती कधी.

राहिलं पांढरं. देवळाचे तिन्ही शर्ट राखाडी, चादरी आणि उश्यांचे अभ्रे पिवळट. रिने येईल ती रविवारी तुला उपासनेला नेईल, आणि तिच्यासाठी पलंगही तूच घालणार. म्हणजे हेच मुख्य.

पांढऱ्याला भीडभाड नाही. सगळ्यात गरम पाणी. 'नॉर्मल'. पिंप भरू दे, मग अर्धी वाटी ब्लीच पाण्यात, कपड्यावर नव्हे. दोन मिनिटं घुसळून यंत्र थांबव, अर्धा तास भिजू दे, मग पुढे चालू कर. शेवटी एकदा जास्तीचं खळबळून घे. शर्ट आणि चादरी वेगळ्या खेपांना.

एकतीस वर्षं मी देवळाच्या वेदीची वस्त्रं धुते. द्राक्षारसाचे डाग, मेणाचे डाग, नाताळात पोरांच्या हाताचे डाग. दर शनिवारी ती अशी पांढरी असतात की पाळकांना डोळे किलकिले करावे लागतात. तेव्हा ह्यात तुझं डोकं चालवू नकोस. सांगितलं तेवढं कर.

आर्डिस

*

शुक्रवार, २७ सप्टेंबर

व्हर्लिन,

चार ओळींसाठी तिकीट वाया घालवलंस. "आर्डिस, नक्की ना? लव्हॉनने ब्लीच कधी घरात आणलेलं मला आठवत नाही."

आठवत नाही, कारण तू कधी पाहिलं नाहीस. आणि समजा नसेल आणलं, तर त्याचं कारण मी सांगते. लव्हॉन लहानपणापासून कामचुकार होती. पांढरे कपडे भिजवायची वेळ आली की तिचं पोट दुखायचं. आई मला हाक मारायची. मी तिची बहीण आहे, मला म्हणायचा हक्क आहे, तुला नाही.

दुकानात जा, ब्लीचची बाटली आण, सांगितलं तसं कर. सतरा तारखेला तीन आठवडे उरलेत.

आर्डिस

*

गुरुवार, ३ ऑक्टोबर

व्हर्लिन,

पार्सल मिळालं. आत शर्ट, चिठ्ठी नाही.

हे काय केलंस? शर्ट नारिंगी झालाय. खांद्यावर, पाठीवर, कॉलरच्या आत, जुन्या पत्र्याला गंज चढतो तसा. मी सांगितलं पांढरं करायला. तू ब्लीच कपड्यावर ओतलंस, नाहीतर पेंड कालवायच्या बादलीत भिजवलंस, नाहीतर शर्टात खिळे ठेवून धुतलंस. सरळ सांगितलेलं सरळ करायचं तुझ्या रक्तात नाही. मी तरी कोणाला शिकवत बसले आहे. रिने म्हणते ते खरंच असावं.

चादरींचंही हेच केलं असशील तर मला कळवू नकोस.

आर्डिस

*

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

व्हर्लिन,

कालचं पत्र टपालात पडलंय. परत मागता आलं असतं तर मागितलं असतं.

तुझा शर्ट काल संध्याकाळी मोरीत पाण्यात घातला, कॉलर चोळायला घेतली, आणि ओल्या कापडाचा वास नाकात गेला. लोखंडाचा. मी चोळायची थांबले. आपल्या घरातल्या पाण्याच्या पेल्याला तो वास असायचा. मोरीत नळाखाली नारिंगी रेघ असायची, आई दर शनिवारी घासायची आणि सोमवारी ती परत आलेली असायची.

तुमच्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे. ब्लीच त्याचा गंज करतं, गरम पाण्यात आणखीनच लवकर, आणि तो गंज कापडावर बसवतं. हे पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं, जर ती त्या घरात वाढली असेल. आई पांढऱ्यासाठी छपराखाली पिंप लावून पावसाचं पाणी साठवायची. ब्लीचची बाटली तिने घरात येऊ दिली नाही. लव्हॉननेही दिली नाही, कारण ती त्याच पाण्यात जगली. मी लग्न करून शहरात आले, नळाचं पाणी वापरलं, अठ्ठावन्न वर्षं. घर माझं, घर माझं म्हणत राहिले आणि त्या घरचं पाणी विसरले.

रविवारी उपासनेत आम्ही सगळे एका सुरात पापं कबूल करतो. सगळ्यांबरोबर ते सोपं जातं. एकटीने, शाईने, तुझ्यासारख्या माणसाला, हे अवघड आहे, म्हणून एकदाच लिहिते. चूक माझी. तू विचारलंस आणि मी तुला गप्प केलं. लव्हॉनला मी जे म्हटलं ते त्याहून वाईट होतं.

आता पुढचं. राहिलेल्या ब्लीचची बाटली गोठ्यात नेऊन ठेव. हार्डवेअरच्या दुकानात गंज काढायची पावडर मिळते, कपड्यांसाठी असं लिहिलेली घे. आधी शर्ट साध्या पाण्यात दोनदा खळबळ, ब्लीचचा अंश राहता कामा नये. ती पावडर आणि ब्लीच एकत्र आली तर विषारी धूर होतो, आणि मग रिनेला कागदांची गरजच उरणार नाही. हातमोजे घाल, खिडकी उघड. डब्यावर लिहिलंय तितकाच वेळ भिजव, एक मिनिट जास्त नाही. मी इथे तुझ्या शर्टावर केलं, डाग उतरला. सोबत पाठवते आहे. इस्त्री केली आहे, पण त्यावरून काही अर्थ काढू नकोस. सुरकुतलेला शर्ट माझ्या घरातून बाहेर जात नाही.

लव्हॉनने पाणी मऊ करायचं यंत्र मागितलं होतं तेव्हा तू काय म्हणालास ते मला तिनेच सांगितलंय. "गायींना चालतं." तेव्हा सगळा गंज माझ्या एकटीच्या पदरात घालू नकोस.

आर्डिस

*

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

व्हर्लिन,

दोन्ही शर्ट सुटले हे बरं झालं. चादरींचं लिहिलंस ते वाचलं. चारही गेल्या, अभ्र्यांसकट. इतके मोठे डाग पावडरीला आवरत नाहीत. त्या तळघरातल्या चिंध्यांच्या पिंपात टाकल्यास हे ठीक केलंस. नव्या दोन विकत आण. फुलाफुलांच्या घे, पांढऱ्या नको. नव्या चादरी एकदा गार पाण्यात धुऊन मगच घाल, घडीच्या रेघा दिसल्या तर रिनेला कळेल की तिच्यासाठी आणल्या.

आता तुझ्या पत्राचा दुसरा कागद. मी म्हटलं होतं उत्तर देऊ नकोस.

तू लिहितोस की लव्हॉनने शेवटच्या महिन्यात तुझ्याकडून वचन घेतलं होतं. तिचे कपडे माझ्या हाती लागू द्यायचे नाहीत. "आर्डिस एकेक धुईल, इस्त्री करील, चिठ्ठी लावून पेटीत ठेवील आणि दर सोमवारी काढून परत धुईल. तिला त्यात अडकू देऊ नकोस. आणि मी सांगितलं असं तिला सांगू नकोस, ती माझ्यावर चिडेल आणि मी उत्तर द्यायला नसेन." हे तिचेच शब्द असणार. तुला एवढं रचता येत नाही.

मेलेल्या बाईचा शब्द चार वर्षं पाळलास, माझ्या तोंडचे शिव्याशाप खात. जिवंत होती तेव्हा एक यंत्र मागितलं तर सतरा वर्षं कानाडोळा केलास. तुमची नाती मला कधी कळली नाहीत.

आणि तिचं म्हणणं खोटं आहे. मी दर सोमवारी नसते धुतले. महिन्यातून एकदा, फार तर.

आता गुरुवारची तयारी. मंगळवारी टॉवेल, जास्त उष्णतेवर. ड्रायरमध्ये ते सुगंधी कागद घालू नकोस, टॉवेल मऊ होतात आणि पाणी टिपायचं विसरतात. बुधवारी शर्ट आणि पँट. गुरुवारी सकाळी काही धुऊ नकोस, यंत्र चालू दिसलं की घाईत केल्यासारखं वाटतं. माझी पत्रं रिनेच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेव. तू लिहितोस की ती यंत्राच्या वर भिंतीला टाचण्यांनी लावली आहेत. काढ ती.

प्रार्थना करते आहे. घरासाठी.

आर्डिस

*

सोमवार, २१ ऑक्टोबर

व्हर्लिन,

पत्रं काढली नाहीस. म्हणजे काढलीस, पण दोनच.

रिने काल दुपारी परतीच्या वाटेवर माझ्याकडे थांबली. चार वर्षांत पहिल्यांदा. मी कॉफी ठेवली, लिंबाच्या वड्या काढल्या. तिने तुझं कौतुक केलं. देवळात तुझी कॉलर अशी होती म्हणे की पाळकांनी विचारलं, घरात कोणी बाई येते का. मग म्हणाली, "मावशी, यंत्रावरची तुझी पत्रं वाचली, मधल्या दोन टाचण्या रिकाम्या होत्या. मी जमिनीवर बसून हसले." मी म्हटलं त्यात हसण्यासारखं काही नाही. ती परत हसली, आणि मग डोळे पुसायला लागली. मी समजले, अजून काही आहे.

ती म्हणाली की शनिवारी ती चिंध्या घ्यायला तळघरात गेली, तर पिंपात चार चादरी, सगळ्या नारिंगी, खाटकाच्या फडक्यासारख्या. तिने तुला विचारलं हे कसं झालं. तू म्हणालास, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं. लक्षात राहत नाही हल्ली." तिचा हिशोब असा, की मावशी डोक्यावर उभी असते तेवढंच बाबा करतात, आणि तरीही चादरींची वाट लावतात. उद्या चुलीचं काय? तिने तुला कागद दाखवले आणि तू म्हणालास की सही करशील. आज सोमवारी ती त्या आश्रमाला फोन करणार होती.

तेव्हा मला कळलं तू कुठली दोन पत्रं भिंतीवरून काढलीस. तेवीस तारखेचं आणि सत्तावीस तारखेचं. चार ऑक्टोबरचं आणि अकराचं तर तू भिंतीला लावलंच नसशील, नाहीतर तिला कोडं पडलं नसतं. ते तू घरापायी नाही केलंस, माझी अब्रू झाकायला केलंस. घर जात होतं तरी.

व्हर्लिन, तुला हे कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं? चार वर्षं मी तुला नावं ठेवली, आणि तू माझ्या एका चुकीसाठी आश्रमात जायला निघालास. हा चांगुलपणा नाही. हा माज आहे, तुझ्या नॉर्वेजियन रक्तातला आणि मुका.

मी रिनेला म्हटलं, "तुझा बाप खोटं बोलतोय."

ती म्हणाली, "मावशी, त्यांना वाचवू नकोस."

मी उठले, जुनी पत्रं ठेवायच्या डब्यातून तुझ्या त्या चार ओळी काढल्या आणि तिच्या बशीशेजारी ठेवल्या. "वाच. मी त्याला ब्लीच घालायला सांगितलं होतं. त्याने मला हे विचारलं. आणि ह्यावर मी काय उत्तर दिलं ते त्याने भिंतीवरून काढलंय, म्हणून मी तोंडाने सांगते." आणि मी सांगितलं, शब्दाला शब्द. लव्हॉनच्या पोटदुखीसकट, लव्हॉनच्या मुलीला.

तिने विचारलं, "आईला कामचुकार म्हणालीस?"

"म्हणाले."

तिने तो कागद पुन्हा वाचला. मी तिला विहिरीचं पाणी समजावलं, आजीचं पावसाचं पिंप समजावलं. मग म्हटलं, "चार वर्षांमागे गेलेल्या बायकोच्या फळीवर काय नव्हतं, हे ज्याला आठवतं त्याचं डोकं ठिकाणावर आहे. विसरले ती मी. त्या घरात जन्मलेली. आश्रमात कोणाला न्यायचंच असेल तर माझा कोट दाराशी आहे."

तुझी मुलगी तुझ्यासारखी नाही, लगेच विरघळत नाही. म्हणाली, "तुला ते घर उभं राहायला हवंय म्हणून बोलतेस हे सगळं."

मी म्हटलं, "हवंय. देवाच्या साक्षीने हवंय. पण म्हणून चादरींवरचा डाग तुझ्या बापाचा होत नाही."

त्यावर तिने कागदांची घडी पर्समध्ये टाकली. फाडले नाहीत, हे लक्षात ठेव. फोन ती करणार नाही, ह्या वर्षी तरी नाही. पण तिची अट आहे. दर महिन्याला घरातल्या कोणीतरी तिथे जायचं, सगळं डोळ्यांनी बघायचं आणि तिला खरं काय ते लिहायचं. मी म्हटलं, कोण जाणार. तिने बोट माझ्याकडे केलं. मी म्हटलं मी महामार्गावर गाडी चालवत नाही. तिने फोनमध्ये बघून सांगितलं की वृद्धांसाठी जिल्ह्याची बस दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तुमच्या फाट्यावरून जाते. पोरगी तयारीने आली होती, किंवा मला हरवणं तिला सोपं गेलं.

तेव्हा सात नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता मी येते आहे. फाट्यावर गाडी घेऊन उभा राहा. ते तिसरं पत्र परत भिंतीला लाव, चौथंही, आणि त्यांच्याखाली माझं चार ऑक्टोबरचं. कोणाला वाचायचं तर सगळं वाचू दे. जेवण करू नकोस, तुझ्या हातचं मला चालणार नाही. मी भाजलेल्या कोंबडीचं भांडं घेऊन येते. मी कपाटं उघडीन, ड्रायरची जाळी बघीन, चुलीमागे हात फिरवीन, आणि जे दिसेल ते रिनेला लिहीन, वाईट असलं तर वाईट. तुझ्यावर मेहेरबानी करणार नाही.

लव्हॉनला पुरलं त्या दिवसानंतर मी तिथे आलेले नाही. फाट्यावरून घरी पोचलो की तू आधी जाऊन पुढचं दार उघडून ठेव. त्या घराचं दार वाजवून मी कधी आत गेलेले नाही, आणि आता शिकणार नाही.

आर्डिस